टी-शर्ट उलटा घालायला लावला, क्लबचा अर्ज लटकवला: अमेरिकेतल्या पब्लिक स्कूलमध्ये मुलीला बोलायचा हक्क किती?

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगी अमेरिकेत पब्लिक, म्हणजे सरकारी, हायस्कूलमध्ये नववीत शिकते. तिची जिवलग मैत्रीण समलिंगी आहे. ‘माझ्या मैत्रिणीला माझा पाठिंबा’ अशा अर्थाचं इंग्रजी वाक्य आणि खाली इंद्रधनुष्य असलेला टी-शर्ट घालून मुलगी शाळेत गेली. व्हाइस-प्रिन्सिपलने तिला बाथरूममध्ये पाठवून तो उलटा घालायला लावला आणि कारण दिलं, ‘पालकांचे फोन येतील.’ त्याआधी सप्टेंबरमध्ये चार मुलींनी जीएसए क्लबसाठी, म्हणजे एलजीबीटीक्यू विद्यार्थी आणि त्यांच्या पाठीराख्यांच्या क्लबसाठी, अर्ज दिला होता. आता फेब्रुवारी उजाडला तरी ‘विचार चालू आहे’ एवढंच उत्तर मिळतंय. एप्रिलमध्ये त्यांना मौन दिवस, म्हणजे एलजीबीटीक्यू मुलांच्या छळाच्या निषेधात दिवसभर गप्प राहण्याचा दिवस, पाळायचा आहे. घरी वडील म्हणतात, आपण एच-वन-बी व्हिसावर, कशाला नसत्या भानगडीत पडायचं? आई विचारते, मुलीला हक्क आहे की नाही, आणि असेल तर आम्ही नेमकं करायचं काय?

आधी गुंता सोडवू. तुम्ही प्रश्न एक विचारलात, पण टी-शर्ट, क्लब आणि मौन या तिन्हींना वेगवेगळे नियम लागतात. शाळेनेही बहुधा सगळं एकत्र कालवलंय, म्हणून सगळीकडे ‘पालकांना आवडणार नाही’ हेच कारण पुढे येतं. अशा प्रकरणात मी सगळ्यात आधी विचारते, बोलतंय कोण? अंगावरचा कपडा, दप्तराचा बिल्ला, जेवणाच्या सुट्टीतल्या गप्पा, मुलांनी स्वतः चालवलेला क्लब, हा आवाज विद्यार्थ्याचा. शाळेने भिंतीवर लावलेला झेंडा, वर्गात शिकवलेला धडा, शाळेच्या लेटरहेडवर गेलेलं पत्र, हा आवाज शाळेचा. शाळेच्या आवाजावर स्कूल बोर्डाची, म्हणजे शाळा चालवणाऱ्या स्थानिक मंडळाची, आणि राज्याची सत्ता मोठी असते, विद्यार्थ्याच्या आवाजावर ती बरीच तोकडी असते. ‘अमुक राज्यात प्राइड झेंड्यावर बंदी’ अशी बातमी वाचून अनेक पालकांना वाटतं की मुलांच्या कपड्यांवरही बंदी आली. युटाने २०२५ मध्ये केलेला कायदा सरकारी इमारतीत आणि शाळेत, संस्थेने किंवा कर्मचाऱ्याने, झेंडा लावण्याबद्दल आहे. नववीतल्या मुलीच्या टी-शर्टचा प्रश्न त्याने सुटत नाही.

दोन गोष्टी तुम्ही लिहिलेल्या नाहीत आणि त्यांवर बरंच अवलंबून आहे. पहिली, तुमचं राज्य कोणतं. कॅलिफोर्निया, न्यू जर्सी, मॅसॅच्युसेट्स, इलिनॉय अशा राज्यांत विद्यार्थ्यांच्या अभिव्यक्तीला किंवा शाळेच्या वृत्तपत्राला केंद्रापेक्षा जास्त संरक्षण देणारे राज्याचे कायदे आहेत. फ्लोरिडा, टेक्सास, युटा इथे उलट दिशेचे कायदे आहेत. दुसरी, शाळा खरोखर पब्लिक आहे ना. चार्टर स्कूल, म्हणजे सरकारी पैशावर पण स्वतंत्र व्यवस्थापनाने चालणारी शाळा, पब्लिकच धरली जाते. खासगी किंवा चर्चच्या शाळेला मात्र अभिव्यक्तिस्वातंत्र्य देणारी घटनेची पहिली दुरुस्ती लागू होत नाही. कॅलिफोर्नियासारख्या एखाद्या राज्याने कायदा करून खासगी शाळांपर्यंत थोडं संरक्षण नेलंय, तेवढा अपवाद. खाली जे सांगते ते पब्लिक शाळा धरून, केंद्रीय पातळीवरचं आहे.

टी-शर्टपासून सुरुवात करते, कारण तिथे कायदा सगळ्यात स्पष्ट आहे. डिसेंबर १९६५ मध्ये आयोवा राज्यातल्या दे मॉइन शहरात काही मुलांनी व्हिएतनाम युद्धाच्या विरोधात दंडाला काळी फीत बांधली. फीत दोन इंचांहून रुंद नव्हती. त्या स्कूल डिस्ट्रिक्टमध्ये, म्हणजे एका बोर्डाखालच्या सगळ्या शाळांत मिळून, १८,००० विद्यार्थी होते, फीत बांधली मोजक्यांनी, आणि निलंबित झाली ५ मुलं. त्यांत मेरी बेथ टिंकर १३ वर्षांची होती. १९६९ मध्ये सुप्रीम कोर्टाने मुलांच्या बाजूने निकाल दिला. विद्यार्थी शाळेच्या फाटकाशी आपले घटनात्मक हक्क उतरवून ठेवत नाहीत, हे त्या निकालातलं तत्त्व. त्याहून कामाची आहे ती कसोटी. शाळेला बोलणं थांबवायचं असेल तर त्याने शाळेच्या कामात ठोस आणि मोठा व्यत्यय येतो आहे, किंवा तो येईल असं मानायला वस्तुस्थितीचा आधार आहे, किंवा इतरांच्या हक्कांवर घाला पडतो आहे, हे शाळेने दाखवायचं असतं. नुसती धास्ती पुरत नाही. अप्रिय मताने होणारी अस्वस्थता तर मुळीच पुरत नाही.

आता व्हाइस-प्रिन्सिपलचं वाक्य या कसोटीला लावून बघा. ‘पालकांचे फोन येतील’, म्हणजे अजून एकही आलेला नाही. आले असते तरी फोन येणं म्हणजे वर्ग बंद पडणं नव्हे. हे वाक्य त्यांनी म्हटलं, हीच तुमच्या हातातली सगळ्यात मोलाची गोष्ट आहे. पुढे लेखी उत्तर मागितलंत की कारण बदलून ‘ड्रेस कोड’ होण्याची शक्यता असते. म्हणून ते वाक्य आजच, तारीख, वेळ आणि जागेसकट लिहून ठेवा. मुलीने स्वतःच्या शब्दांत लिहावं, तुम्ही सुधारू नका.

टिंकर खटल्यातला आणखी एक बारकावा लोक विसरतात. त्या शाळांमध्ये निवडणुकीचे बिल्ले चालत होते, काही मुलं आयर्न क्रॉस हे नाझींशी जोडलं गेलेलं चिन्ह घालत होती, आणि बंदी आली ती फक्त काळ्या फितीवर. एकाच मतावर बंदी घातली जाते तेव्हा शाळेची बाजू तिथेच लंगडी पडते. तेव्हा तुमच्या शाळेत काय चालतं ते बघा: फुटबॉल संघाचे, बायबलमधल्या वचनांचे, राजकीय उमेदवारांचे टी-शर्ट चालतात का? दोन आठवडे साधी नोंद ठेवा, तारीख आणि शर्टवरचा मजकूर. इतर मुलांचे फोटो काढू नका. त्याने नवीच तक्रार उभी राहते.

शाळा कधी कधी दुसरा मार्ग काढते. म्हणते, हा लैंगिक विषय आहे, इथे लहान मुलं आहेत. १९८६ च्या फ्रेझर निकालाने अश्लील, बीभत्स भाषेवर शाळेला कारवाई करता येते हे खरं. पण कोणी समलिंगी आहे असं म्हणणं आणि अश्लील बोलणं यांत फरक आहे, आणि कोर्टाने तो केलेला आहे. फ्लोरिडातल्या होम्स काउंटीत, पाँस दे लिऑन हायस्कूलमध्ये, प्रिन्सिपलने इंद्रधनुष्यं आणि ‘गे प्राइड’सारखी वाक्यं बंद केली होती. एका विद्यार्थिनीच्या वतीने स्कूल बोर्डाला पत्र गेलं. त्यात यादी होती: इंद्रधनुष्य चालेल का, गुलाबी त्रिकोण (समलिंगी चळवळीचं चिन्ह) चालेल का, ‘माझ्या समलिंगी बहिणीला माझा पाठिंबा’ अशा अर्थाचं वाक्य चालेल का? बोर्डाने लेखी कळवलं, काहीच चालणार नाही. २००८ च्या गिलमन खटल्यात फेडरल कोर्टाने बोर्डाविरुद्ध निकाल दिला. या खटल्यातलं ते पत्र पालकांनी शिकून घ्यावं असं मला नेहमी वाटतं. त्यात सरळ प्रश्न होते. एकेका वस्तूचं नाव घेऊन विचारलं की गोलगोल उत्तर देता येत नाही.

तुमच्या बाजूच्या कच्च्या जागाही सांगते. एक, शाळेचा ड्रेस कोड सगळ्यांना सारखा असेल, म्हणजे कुठलाच मजकूर असलेला शर्ट चालत नाही, तर तो टिकू शकतो. टेक्सासच्या वॅक्साहाची डिस्ट्रिक्टचा असा नियम २००९ मध्ये पाचव्या सर्किट कोर्टाने (सर्किट कोर्ट म्हणजे सुप्रीम कोर्टाच्या खालचं, ठरावीक राज्यांपुरतं फेडरल अपील कोर्ट) मान्य केला. तिथे शर्टवर एका राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवाराचं नाव होतं. म्हणून स्टुडंट हँडबुकमधला ड्रेस कोडचा परिच्छेद अक्षरन् अक्षर वाचा आणि आजच्या तारखेची पीडीएफ उतरवून ठेवा, कारण हँडबुक वर्षाच्या मध्येही बदलतात. दोन, शाळेत या विषयावरून खरोखर मारामाऱ्या झाल्या असतील तर शाळेला आधार मिळतो. तीन, मजकूर कोणा ओळखता येणाऱ्या व्यक्तीवर शेरा मारणारा असेल तर तुमची बाजू पडते. पाठिंब्याचं वाक्य सुरक्षित आहे. ‘अमुक शिक्षक द्वेष पसरवतात’ हे वाक्य नाही.

इथे एक गोष्ट मनापासून सांगते, कारण मुलीलाही ती कळायला हवी. हीच कसोटी विरुद्ध मताच्या मुलालाही लागू होते. इलिनॉयच्या नेपरव्हिल इथल्या शाळेत ‘आनंदी राहा, गे नको’ अशा अर्थाचा शर्ट घालू द्यावा, असा निकाल सातव्या सर्किट कोर्टाने २०११ मध्ये दिला. मॅसॅच्युसेट्सच्या मिडलबरो गावात सातवीतल्या मुलाने ‘लिंगं दोनच असतात’ असा शर्ट घातला, तेव्हा पहिल्या सर्किट कोर्टाने २०२४ मध्ये शाळेची बंदी उचलून धरली, आणि मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्या प्रकरणात हात घालायला नकार दिला. म्हणजे दुसऱ्याच्या ओळखीला लागेल असं बोलणं कुठवर चालतं, याचं उत्तर देशभर एक नाही. पण तुमच्या मुलीने त्या मुलाचा शर्ट बंद करा अशी मागणी घेऊन ऑफिसात जाऊ नये. तिच्या स्वतःच्या शर्टाला जे संरक्षण आहे, ते याच नियमातून आलेलं आहे. कोणी मैत्रिणीला गाठून रोज छळत असेल तर तो विषय वेगळा, त्याकडे पुढे येते.

टी-शर्टसाठी करायचं एवढंच. दोन दिवसांच्या आत प्रिन्सिपलना ईमेल लिहा. इंग्रजीत, दहा-बारा ओळींपेक्षा मोठा नको. त्यात काय घडलं ते तारखेसह, शर्टवरचा मजकूर जसाच्या तसा, आणि शर्टचा सपाट ठेवून काढलेला फोटो. मग तीन प्रश्न. हँडबुकच्या कोणत्या कलमाखाली शर्ट उलटा करायला लावला? त्या दिवशी शाळेच्या कामात कोणता व्यत्यय आला? हाच शर्ट पुन्हा घातला तर शिक्षा होईल का? शेवटी उत्तरासाठी पाच ते सात शाळेचे दिवस. विशेषणं घालू नका, ‘होमोफोबिक’ हा शब्द नको, वकिलाचा उल्लेख नको. हे पत्र पुढे सुपरिंटेंडंट, म्हणजे डिस्ट्रिक्टचे प्रमुख अधिकारी, वाचणार, कदाचित न्यायाधीश वाचणार, असं समजून लिहा. उत्तर येईपर्यंत शर्ट पुन्हा घालायचा की नाही हे मुलीने ठरवावं, पण व्हाइस-प्रिन्सिपलने पुन्हा उलटा घाल म्हटलं तर तिथे वाद न घालता ‘मी हरकत नोंदवून ऐकते आहे’ असं म्हणून तो उलटा करावा. नाहीतर शाळेला मूळ मुद्दा सोडून ‘आज्ञाभंग’ या नावाखाली कारवाई करायला जागा मिळते. चांगली प्रकरणं बिघडतात ती बहुतेक वेळा इथेच.

आता क्लब. माझ्या मते तुमची सगळ्यात भक्कम बाजू हीच आहे. अमेरिकेच्या काँग्रेसने १९८४ मध्ये इक्वल अ‍ॅक्सेस अ‍ॅक्ट केला. धार्मिक गटांच्या आग्रहावरून, मुलांना शाळेत बायबल क्लब चालवता यावा म्हणून, तो झाला. १९९० च्या मर्जेन्स निकालात सुप्रीम कोर्टाने तो वैध ठरवला, तेही ख्रिस्ती मुलांच्या क्लबच्या खटल्यात. नियम असा: केंद्राचा निधी घेणारी पब्लिक माध्यमिक शाळा जर अभ्यासक्रमाशी संबंध नसलेला एक जरी क्लब शाळेच्या आवारात भरू देत असेल, तर दुसऱ्या क्लबला त्याच्या विचारांवरून नाकारता येत नाही. बायबल क्लबसाठी उघडलेल्या त्या दारातून पुढे देशभरचे जीएसए आत आले.

‘अभ्यासक्रमाशी संबंध नसलेला’ यावर सगळी मेख आहे. मर्जेन्समधली कसोटी अशी: क्लबचा विषय एखाद्या नियमित वर्गात शिकवला जातो का किंवा लवकरच शिकवला जाणार आहे का, तो एकूण अभ्यासक्रमाशी जोडलेला आहे का, एखाद्या वर्गासाठी त्यात भाग घेणं सक्तीचं आहे का, त्याचे गुण मिळतात का. यांतलं एकही लागू नसेल तर क्लब अभ्यासक्रमाबाहेरचा. फ्रेंच शिकवत असतील तर फ्रेंच क्लब अभ्यासक्रमातला. बुद्धिबळाचा क्लब बाहेरचा, आणि त्या खटल्यातला स्कूबा डायव्हिंगचा क्लबही बाहेरचा ठरला. तेव्हा शाळेच्या वेबसाइटवरची क्लबांची यादी उघडा. बुद्धिबळ, अ‍ॅनिमे, विणकाम, समाजसेवा, ख्रिस्ती खेळाडूंचा गट, काय काय दिसतं? कित्येक शाळांत भारतीय मुलांचा कल्चर क्लब असतो, दिवाळीला नाचणारा. तोही बहुधा अभ्यासक्रमाबाहेरचाच. असा एक क्लब सापडला की पुढचं सोपं होतं. यादीचा स्क्रीनशॉट तारखेसह ठेवा. शाळा ती नंतर बदलते, असं होतं.

अर्जात काय असावं? क्लब विद्यार्थ्यांनी सुरू केलेला आहे आणि येणं ऐच्छिक आहे हे स्पष्ट लिहा. उद्देश दोन-तीन वाक्यांत: एकमेकांना आधार, छळ कमी करणं, जागरूकता. ‘लैंगिक शिक्षण’ असा शब्द कुठेही नको. तो तुमचा उद्देश नाही, आणि शाळेला मात्र नकाराचं निमित्त मिळतं. कायद्यानुसार बाहेरच्या व्यक्तीने क्लब चालवायचा, नियंत्रित करायचा किंवा नियमित हजर राहायचं नसतं. म्हणून एखाद्या संस्थेचा कार्यकर्ता दर आठवड्याला येईल असं अर्जात लिहू नका. एकदा पाहुणा बोलावणं वेगळं. इतर क्लबांना फॅकल्टी अ‍ॅडव्हायझर, म्हणजे देखरेख करणारा शिक्षक, लागत असेल तर तुम्हालाही लागेल. मुलींनी दोन-तीन शिक्षकांना विचारून ठेवावं, कारण एक घाबरून मागे फिरला तर अर्ज पुन्हा अडतो. कोणीच मिळालं नाही आणि शाळा म्हणाली ‘अ‍ॅडव्हायझर नाही म्हणून क्लब नाही’, तर इतर क्लबांच्या वेळी शाळा काय करते ते विचारा. क्लब मंजूर झाल्यावर सूचनाफलक, सकाळच्या घोषणा, इयरबुकमधलं पान, क्लब फेअरमधलं टेबल, हे इतरांना मिळतं ते सगळं मिळालं पाहिजे. ‘क्लब चालेल, पण पोस्टर नको’ ही अर्धी मान्यता स्वीकारू नका.

सप्टेंबर ते फेब्रुवारी ‘विचार चालू’ म्हणजे व्यवहारात नकारच. मुलींनी सहीनिशी ईमेल पाठवावा: अर्ज अमुक तारखेला दिला, त्यानंतर कोणते क्लब मंजूर झाले, आमच्या अर्जात काही कमी आहे का, नसेल तर अमुक तारखेपर्यंत निर्णय लेखी कळवावा. दहा शाळेचे दिवस पुरे. उत्तर नाही आलं तर हाच मजकूर सुपरिंटेंडंटकडे, आणि मग बोर्डाच्या बैठकीत लोकांना बोलायला दिलेल्या वेळेत. तिथे दोन-तीन मिनिटंच मिळतात, म्हणून मुलीने एक पान लिहून वाचावं. मैत्रिणीबद्दल मात्र एक शब्दही नको. त्या बैठकांचं रेकॉर्डिंग इंटरनेटवर राहतं.

शाळा काय काय करू शकते तेही माहीत असू द्या. केंटकीच्या बॉइड काउंटीत जीएसए मंजूर झाल्यावर गावात मोर्चे निघाले, पालकांनी मुलांना घरी ठेवलं, आणि बोर्डाने सगळेच क्लब स्थगित केले. प्रत्यक्षात काही क्लब मात्र आवारात भरतच राहिले. २००३ मध्ये फेडरल न्यायाधीशाने बोर्डाविरुद्ध आदेश दिला. व्यत्यय क्लबच्या मुलांनी आणला नव्हता, विरोधकांनी आणला होता, आणि विरोधकांच्या गोंगाटापायी बोलणाऱ्याचं तोंड बंद करता येत नाही, हा त्यातला धडा. याउलट सॉल्ट लेक सिटीत बोर्डाने १९९६ मध्ये जीएसए नको म्हणून अभ्यासक्रमाबाहेरचे सगळेच क्लब बंद केले. सगळ्यांचे खरोखर बंद केले तर हा कायदा लागू होत नाही, म्हणजे हा मार्ग शाळेला मोकळा आहे. पण बुद्धिबळवाल्या मुलांचे पालक ते फार दिवस चालू देत नाहीत. तिथेही २००० मध्ये बंदी उठली.

तुम्ही टेक्सासमध्ये असाल तर थोडं थांबा. तिथे २०२५ मध्ये झालेल्या एसबी १२ या कायद्याने लैंगिक कल किंवा लिंगओळख यांवर आधारलेले, शाळेने पुरस्कृत केलेले क्लब बंद केले. त्याला लगेच कोर्टात आव्हान दिलं गेलं आहे. राज्याचा कायदा आणि इक्वल अ‍ॅक्सेस अ‍ॅक्ट यांची टक्कर तिथे आहे, म्हणून ताजी स्थिती वकिलाकडूनच समजून घ्या. फ्लोरिडात असाल तर घाबरू नका. २०२२ चा, ‘डोन्ट से गे’ या टोपणनावाने गाजलेला कायदा वर्गात लैंगिक कल आणि लिंगओळख शिकवण्याबद्दल आहे, आणि मार्च २०२४ मधल्या तडजोडीत राज्याने मान्य केलं की तो जीएसए क्लबांना किंवा विद्यार्थ्यांच्या आपसातल्या बोलण्याला आड येत नाही. युटात क्लबात जायला पालकांची लेखी संमती लागते. ती सगळ्याच क्लबांना लागते.

मौन दिवस. १९९६ मध्ये व्हर्जिनिया विद्यापीठातून सुरू झालेला हा उपक्रम, ग्लसेन या संस्थेने २०२४ पासून नाव बदलून ‘मौन नको’ असा केला आहे, पण शाळाशाळांतली मुलं अजून जुन्या पद्धतीनेही पाळतात. जेवणाच्या सुट्टीत, व्हरांड्यात, तासांच्या मधे गप्प राहणं, छातीवर चिठ्ठी लावणं, हे टिंकरमध्ये बसतं. वर्गात शिक्षकाने प्रश्न विचारला तर उत्तर द्यावं लागतं. भारतात ज्यांनी केरळच्या बिजो इमॅन्युएल खटल्याबद्दल वाचलंय, ज्यात राष्ट्रगीत न गाणाऱ्या तीन मुलांना १९८६ मध्ये आपल्या सुप्रीम कोर्टाने शाळेत परत घेतलं, त्यांना वाटेल की गप्प राहण्याचा हक्क पूर्ण आहे. त्या निकालाने अमेरिकेतला, मुलांना झेंड्याला सलामीची सक्ती करता येत नाही असं सांगणारा, १९४३ चा बार्नेट निकाल आधाराला घेतला होता. पण बार्नेट शपथ किंवा निष्ठा तोंडातून वदवून घेण्याबद्दल आहे. बीजगणिताचं उत्तर त्यात येत नाही. तेव्हा मुलींनी आठवडाभर आधी प्रत्येक शिक्षकाला ईमेल करून त्या दिवशी लेखी उत्तर चालेल का ते विचारावं. बहुतेक शिक्षक हो म्हणतात. त्या दिवशी परीक्षा किंवा सादरीकरण असेल तर मौन सोडावं. आणि वर्ग सोडून बाहेर पडायचं असेल तर गैरहजेरीची शिक्षा मिळणार. ती इतर गैरहजेरीइतकीच असावी, एवढंच तुम्ही मागू शकता.

शाळेचं वृत्तपत्र आणि अभ्यासक्रम यांबद्दल दोन शब्द. शाळेच्या पैशाने निघणाऱ्या वृत्तपत्रावर १९८८ च्या हेझलवुड निकालाने शाळेला बरीच कात्री दिली आहे, राज्याचा वेगळा कायदा नसेल तर. वर्गात समलिंगी कुटुंबांची गोष्ट वाचायची की नाही हे शाळा ठरवते, आणि सुप्रीम कोर्टाच्या जून २०२५ च्या महमूद निकालानंतर धार्मिक कारणाने आपल्या मुलाला त्या धड्यातून बाहेर ठेवण्याची पालकांची मागणी फार बळकट झाली आहे. तो निकाल धड्यांबद्दलचा आहे. कोणी पालक त्याचा आधार घेऊन तुमच्या मुलीचा शर्ट किंवा क्लब बंद करा म्हणत असतील, तर त्यात तसं काही नाही. शिक्षकांकडून मात्र फार अपेक्षा करू नका. ड्यूटीवर बोलतात तेव्हा ते नोकरीच्या नियमांनी बांधलेले असतात. पाठिंबा असूनही त्यांनी खोलीतलं इंद्रधनुष्य काढलं, तर मुलीने त्यांना दोष देऊ नये.

आता जी गोष्ट मला सगळ्यात जास्त काळजीची वाटते. तुम्ही मुलीच्या हक्काबद्दल विचारलंत, पण या सगळ्यात सगळ्यात उघडी पडू शकते ती तिची मैत्रीण. तिच्या घरी माहीत आहे का? नसेल तर टी-शर्टवर, ईमेलमध्ये, पोस्टरवर तिचं नाव किंवा ती ओळखू येईल असं काहीही नको. ‘माझ्या मैत्रिणीला पाठिंबा’ हे वाक्य लहान शाळेत कोणाबद्दल आहे ते सगळ्यांना कळतं. मुलीने तिला आधी विचारलंय का? हा प्रश्न आज रात्रीच जेवताना विचारा. शर्टवर ‘मैत्रिणीला’ऐवजी ‘सगळ्यांना’ लिहिल्याने संरक्षण तसूभरही कमी होत नाही.

क्लबच्या बाबतीतही तसंच. फर्पा या कायद्याने पालकांना १८ वर्षांखालच्या मुलाची शाळेतली नोंद पाहायचा हक्क आहे, आणि शाळेला ती ४५ दिवसांत दाखवावी लागते. क्लबच्या सभासदांची यादी शाळेच्या फाइलीत गेली तर एखाद्या मुलाच्या घरी ती पोचू शकते. म्हणून अर्जावर फक्त मागितलेल्या पदाधिकाऱ्यांची नावं, दर आठवड्याची हजेरीची वही नाही, शाळेच्या गूगल खात्यावर चॅट ग्रुप नाही. क्लबात कोणालाही ‘तू कोण’ असं विचारायचं नाही. जीएसएमध्ये पाठीराखेही असतात, त्यामुळे येणं म्हणजे कबुली होत नाही. ही ढाल जपावी.

मैत्रिणीचा छळ होत असेल, ढकलाढकली, शिव्या, लॉकरवर लिहिणं, तर त्याची तक्रार क्लबच्या अर्जात मिसळू नका. ती वेगळी, लेखी, प्रत्येक प्रसंगाच्या तारखेसह, आणि तिच्या घरच्यांच्या किंवा तिच्या संमतीने. विस्कॉन्सिनच्या अ‍ॅशलंडमधल्या एका मुलाचा वर्षानुवर्षं झालेला छळ शाळेने दुर्लक्षिला, तेव्हा १९९६ मध्ये सातव्या सर्किट कोर्टाने शाळेच्या अधिकाऱ्यांना जबाबदार धरता येईल असं ठरवलं. पुढे जवळपास १० लाख डॉलर्सची भरपाई द्यावी लागली. शाळेला ‘माहीत होतं’ हे तिथे निर्णायक ठरलं. तोंडी सांगितलेलं माहीत असल्याचं सिद्ध करणं फार अवघड असतं.

शेवटी वडिलांची भीती. ती चुकीची आहे असं मी म्हणणार नाही, तिचे तुकडे करून बघू. टिंकर निकालात विद्यार्थ्यांना ‘व्यक्ती’ म्हटलं आहे. शाळेत हे संरक्षण पासपोर्ट पाहून मिळत नाही. डिटेन्शन (शिक्षा म्हणून शाळेत थांबवून ठेवणं) किंवा सस्पेन्शन (निलंबन) ही शाळेची शिस्तीची कारवाई आहे, अटक नव्हे. दहा दिवसांपर्यंतच्या सस्पेन्शनलाही १९७५ च्या गॉस निकालानुसार आरोप सांगावा लागतो आणि मुलीला आपली बाजू मांडू द्यावी लागते. ही संधी दिली नाही तर तेही लिहून ठेवा. चुकीची नोंद पडली तर ती दुरुस्त करण्याची लेखी मागणी करता येते, आणि शाळेने नाकारलं तर तुमचं निवेदन फाइलीला जोडायला लावता येतं. कॉलेजचं म्हणाल, तर अनेक कॉलेजांना मिळून एकच अर्ज करायची सोय असलेल्या कॉमन अ‍ॅप्लिकेशनने २०२१-२२ पासून विद्यार्थ्यांना शिस्तभंगाचा सरसकट प्रश्न विचारणं बंद केलं आहे. काही कॉलेजं स्वतंत्रपणे विचारतात. उलटवलेल्या टी-शर्टने प्रवेश गेला, अशी भीती धरायचं कारण मला दिसत नाही.

व्हिसाबद्दल एकच सावधगिरी. डिसेंबर २०२५ पासून एच-वन-बी आणि एच-फोर (एच-वन-बीवाल्यांच्या कुटुंबाचा व्हिसा) अर्जदारांची समाजमाध्यमंही तपासली जातात. शाळेतला क्लब आणि शर्ट वेगळा, आणि सार्वजनिक खात्यावर रोज चालवलेली मोहीम वेगळी. पुढच्या सहा महिन्यांत भारतात जाऊन स्टॅम्पिंग करायचं असेल, तर ऑनलाइन काय टाकायचं हे इमिग्रेशन वकिलाला विचारून ठरवा. शाळेत बोलणं त्यासाठी थांबवायची गरज नाही.

वकील केव्हा? क्लबला लेखी नकार आला, किंवा शर्टसाठी शिक्षा लागली, किंवा तुमच्या दोन ईमेलना उत्तरच नाही, तेव्हा. अमेरिकन सिव्हिल लिबर्टीज युनियन या नागरी हक्कांसाठी लढणाऱ्या संस्थेची तुमच्या राज्यातली शाखा अशी प्रकरणं फी न घेता पाहते, आणि पुष्कळदा त्यांच्या एका पत्रावरच डिस्ट्रिक्टचा वकील प्रिन्सिपलला समजावतो. एलजीबीटीक्यू हक्कांसाठी कोर्टात लढणाऱ्या लॅम्डा लीगल या संस्थेची मदतवाहिनी आहे. मैत्रिणीच्या किंवा तुमच्या घरात या विषयावर बोलायला शब्द सापडत नसतील, तर देसी रेनबो पेरेंट्स अँड अलाइज ही दक्षिण आशियाई पालकांची संस्था आहे. तिथे आपल्यासारख्या घरांतले आईवडीलच बोलतात. संस्थेला फोन करण्याआधी फाइल तयार ठेवा: मुलीने लिहिलेला प्रसंग, शर्टचा फोटो, हँडबुकचं पान, क्लबांची यादी, अर्जाची प्रत, सगळे ईमेल तारखेच्या क्रमाने. आणि ती फाइल मुलीच्या हातात द्या. बैठकीत तिनेच बोलावं, तुम्ही शेजारी बसा.